अकराच पाठव

४ नोव्हेंबर

चि. खुळखुळ्यास,
अ. उ. आ.

पन्नाशी उलटलेल्या माणसाला या नावाने पत्र लिहू नये, असं वहिनी मागे हसत हसत म्हणाली होती. पण आत काय वाजतं ते बघायला ज्याने स्वतःचा खुळखुळा दगडाने फोडला आणि मग वाजत नाही म्हणून तासभर रडला, त्याला दुसरं काय म्हणायचं ते तिनेच सुचवावं. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मोबाईलवर अंगठ्याने लिहायला लागले की माझ्या वेलांट्या चुकतात. तेव्हा आपलं पोस्टच बरं. आयुष्यभर कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माझा भाऊ मला शाईने पत्रं लिहितो, हे मी शिक्षकखोलीत मोठ्या तोऱ्यात सांगते.

आज मात्र काम आहे. शिक्षण कार्यालयाचं पत्र आलंय. फेब्रुवारीअखेर शाळेत चालू स्थितीतले कॉम्प्युटर हवेत, वरच्या वर्गांतल्या दर दोन मुलींमागे एक. नसतील तर पुढच्या वर्षापासून आमची नववी आणि दहावी बंद. त्या मुलींनी मग कुठे जायचं, याबद्दल पत्रात एक ओळही नाही. पुढची शाळा दोन बस बदलून आहे आणि आमच्या मुलींना घरून पहिल्या बसचीच परवानगी मिळत नाही.

नववीतल्या शिंप्याच्या मुलीबद्दल तुला लिहिलं होतं, जिला आम्ही सगळ्या शिक्षिका प्रश्नपत्रिका म्हणतो. एकाचं उत्तर द्यावं तर तिचा पुढचा तयार. तिच्या बापाने परवा मला दुकानात बोलावून दुसरं शिलाई मशीन दाखवलं. आणून ठेवलंय, वर चादर घातलीय. शाळा चालू आहे तोवर चादर राहील, असं तो म्हणाला. माणूस वाईट नाही रे. त्याने मला बसायला स्टूलही पुसून दिलं.

कॉम्प्युटरवाला दुकानदार कॅटलॉग घेऊन आला होता. आमच्या कमिटीच्या खजिनदारांना त्यातला एक भलताच आवडलाय. नुसता पडदा, खाली डबाबिबा काही नाही, आरशासारखा चकचकीत. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. साधं, टिकाऊ आणि शाळेला परवडेल असं काय घ्यावं ते तू सांग. मुलींनी टाइप करावं, गणितं मांडावीत, चार गोष्टी शोधून वाचाव्यात, एवढंच हवंय.

वहिनीला आशीर्वाद. पत्राला उशीर केलास तर मी तुझ्या बायकोशी गट करीन. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई


१३ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

मुख्याध्यापिकाबाईंचा हुकूम पोचला. खुळखुळा फोडला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो, तेव्हा तो गुन्हा आता मुदतीबाहेर गेला, हे प्रथम नोंदवावं.

आता कामाचं. तुमच्या खजिनदारांना तो चकचकीत पडदा स्वतःच्या घरी लावू दे. त्यात सगळं काचेमागे कोंबलेलं असतं. एक वस्तू गेली की अख्खा पडदा खोक्यात घालून दुकानात न्यायचा आणि महिनाभर वाट बघायची. शाळेसाठी डबा वेगळा, पडदा वेगळा. डबा असा, की दोन स्क्रू काढले की बाजूचा पत्रा निघतो आणि आतलं सगळं समोर दिसतं. कॉम्प्युटर किती पळतो हे विचारू नकोस. बंद पडला तर तुमच्या इथे तो कोण उघडेल, हे विचार. आठ जीबी रॅम पुरे. फिरणारी हार्ड डिस्क नको, एसएसडी घे; मुलींनी धक्का दिला तरी तिला काही होत नाही. पडदा एकोणीस इंची चालेल. कीबोर्ड आणि माउस वायरवालेच घे, कारण बिनवायरवाल्यांचे सेल आठवड्याभरात तुमच्या शिपायाच्या घड्याळात सापडतील. आणि ताई, आधी खोलीचं अर्थिंग तपासून घे. ते नसेल तर बाकी सगळं फुकट.

दुसरं म्हणजे, आमच्या ऑफिसात जुने कॉम्प्युटर काढताहेत. चार वर्षं वापरलेले आहेत, पण मी स्वतः सांभाळलेले. मी सांगितलेलं सगळं त्यांत आहे. मी नुसतं म्हणायचा अवकाश, ते मला मिळतील. किती हवेत ते लिही. आकडा नक्की लिही, लाजू नकोस. महिन्याभरात कळव.

कान तसेच. इतकी वर्षं कॉम्प्युटरांच्या पंख्यांच्या घरघरीत काढली, त्यांनीच नेले. पण डब्यावर हात ठेवला की कुठला पंखा दमलाय ते तळहाताला कळतं, म्हणजे तेवढा खुळखुळा अजून वाजतोय. हल्ली दुपारी वेळ मिळतो, म्हणून एवढं लांबलं. तुझी सावली आहे तशीच असू दे.

तुझा,
खुळखुळ्या (नाइलाजाने)


१९ नोव्हेंबर

चि. खुळखुळ्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. अर्थिंग तपासलं, नव्हतं. आता आहे.

पण तू पत्र बुधवारी दुपारी लिहिलंस. कागद ऑफिसच्या पॅडचा, आणि वरचं नाव कात्रीने कापलेलं. हल्ली दुपारी वेळ कसा मिळतो रे तुला? जाऊ दे, मी विचारलं नाही असं समज. तुला सांगायचं असेल तेव्हा सांगशील.

आता आकडा. पुढच्या वर्षी वरच्या दोन वर्गांत एक्केचाळीस मुली असतील, म्हणजे एकवीस कॉम्प्युटर हवेत. त्यातले दहा नवे घ्यायला कमिटीला सांगते, तेवढी तरतूद आहे. अकरा तू पाठव. अकराच. बारावा पाठवलास तर परत पाठवीन, आणि पाठवणीचा हेलपाटा तुझ्या माथी मारीन. तुझी ऑफिसात पत आहे म्हणून मी तिचा चोथा करणार नाही. तिथल्या कुणी म्हणायला नको, की याच्या बहिणीने हात धुऊन घेतले.

मावशीकडची बिस्किटं आठवतात? दुसऱ्या बिस्किटाला हात घातलास आणि मी टेबलाखालून कोपराला चिमटा काढला. आईने मला त्यासाठीच तुझ्याशेजारी बसवलेलं असायचं. आपल्या शाळेतल्या सिस्टरही तेच शिकवायच्या, की आपल्याला लागतं त्याहून एक कमी घेऊन उठावं. आता स्वतःलाच चिमटा काढायची वेळ आली म्हणायची.

प्रश्नपत्रिकेला मी सांगून टाकलं, की माझा भाऊ कॉम्प्युटर पाठवतोय. तिने विचारलं, कॉम्प्युटर आधी कुणाचे होते? मी म्हटलं, मोठ्या माणसांचे. मग त्यांना ते आता का नकोत? हे उत्तर तूच दे बाई, म्हणजे बाबा.

जसा आहेस तसा आवडतोस, एवढं ध्यानात असू दे.

तुझी,
ताई


८ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

हुकमाप्रमाणे अकरा आज ट्रान्सपोर्टने निघाले. प्रत्येक डबा उघडून धूळ काढलीय, प्रोसेसरची पेस्ट नवी लावलीय, ऑफिसचं जे काही आत होतं ते पुसून टाकलंय. पत्र्याच्या आतल्या बाजूला माझ्या अक्षरात तारीख दिसेल; ऑफिसातला कुठलाही डबा उघडला की ती घालायची माझी जुनी सवय. यूपीएस म्हणून जी जड खोकी आहेत ती मुलींना उचलायला लावू नकोस.

तुझ्या प्रश्नपत्रिकेला सांग, की त्या माणसांना आता दुसरीकडे जायचंय, तिथे हे कॉम्प्युटर नेता येत नाहीत.

बारावा पाठवलेला नाही. कोपर अजून शाबूत आहे.

ते दहा नवे घेताना तू स्वतः दुकानात जा. यादी दुकानदाराच्या हातात देऊ नकोस, आपल्या हातात धर आणि वाचून दाखव. जमलं नाही तर मला कळव. इकडून तिकडून काही जुळवता येईल.

तब्येतीला जप. माझ्यावरची मर्जी कमी करू नये.

तुझा,
खुळखुळ्या


१० जानेवारी

चि. खुळखुळ्यास,
अ. उ. आ.

तुझे अकराही कॉम्प्युटर खिडकीकडच्या भिंतीला ओळीने बसलेत, आणि मी रोज सकाळी प्रार्थनेआधी जाऊन त्यांना एकदा बघून येते. सगळे लगेच सुरू झाले. पहिला पडदा उजळला तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना गप्प केलं आणि मग माझंच नाक पदराने पुसलं.

एका कीबोर्डावर आकडे दिसतच नाहीत, सात आणि नऊ तर आरशासारखे गुळगुळीत झालेत. प्रश्नपत्रिकेने तोच पकडलाय. कुणाच्या बोटांनी झिजले, हे तिला हवंय. आणखी एका डब्याच्या पाठीला बाळाच्या दातांसारखं काहीतरी चिकटवलेलं आहे, स्टिकर असावा. मुली त्याला दातवाला म्हणतात. प्रश्नपत्रिकेला टाइप करायला बसवलं तर पंधरा दिवसांत आमच्या कारकुनापेक्षा पुढे गेली. तो बिचारा म्हणाला, हिला माझी जागा द्या, मला हिची द्या, म्हणजे मला उन्हाळ्याची सुट्टी मिळेल.

कमिटीची सभा या महिनाअखेर आहे. दहा साधे डबे, तुझी यादी मी सुवाच्य अक्षरात उतरवून सगळ्यांना एकेक प्रत केलीय. सभा खजिनदारांच्या घरी आहे. त्यांच्या पत्नी फार आग्रह करतात, त्याचीच काय ती धास्ती.

तू काही लिहीत नाहीस. वहिनीही नाही. बरे आहात ना दोघं? आठवण ठेवणं एवढंच माणसाच्या हाती असतं, तेवढं करत राहा.

तुझी,
ताई


२ फेब्रुवारी

चि. खुळखुळ्यास,
अ. उ. आ.

तू रागावणार आहेस, तेव्हा आधीच सांगते, की माझं चुकलं.

सभेत खजिनदारांनी तो चकचकीत पडदा टेबलावर मांडूनच ठेवला होता. दुकानदारही तिथेच. त्यांनी माझ्या कामाचं इतकं कौतुक केलं, इतक्या आदराने मला पहिल्या खुर्चीवर बसवलं, की तुझी यादी माझ्या पिशवीतच राहिली. शेवटी त्यांनी विचारलं, बाईंना काही सांगायचंय का. मी म्हटलं, आपण ठरवाल ते योग्यच असेल. सभ्यपणा म्हणून म्हटलं रे. मला वाटलं, ते दहाच घेतील, कुठले का असेनात. पण दहा साध्या डब्यांच्या तरतुदीत ते पडदे चारच आले. खोलीच्या मधोमध ठेवलेत. फोटो काढून झाला. मुली त्यांत स्वतःचे केस नीट करतात.

अकरा आणि चार, पंधरा. सहा कमी पडतात, आणि आता कमिटीकडे काहीही उरलेलं नाही. त्यातले दोन मी जुळवलेत. माझ्या ऑफिसातला एक त्या दिवसापुरता खोलीत नेऊन ठेवते, आणि झेरॉक्सवाला त्याचा एक दोन दिवस द्यायला तयार आहे. म्हणजे राहिले चार.

इकडून तिकडून जुळवीन असं तू लिहिलं होतंस, त्याचा आधार घेऊन लिहितेय. चार जुळतील का? नाही जुळले तर मनाला लावून घेऊ नकोस. आणि चारच. पाचवा पाठवलास तर परत पाठवीन, हे तुला ठाऊक आहेच. तू हल्ली कसा आहेस ते लिहीत नाहीस आणि मी विचारत नाही. पण मी आंधळी नाही.

शिंपी काल शाळेवरून जाताना थांबला. काय ठरतंय, म्हणून विचारलं. मी म्हटलं, होणार. त्याने मान डोलावली आणि तो निघून गेला.

तपासणी अठ्ठावीस तारखेला आहे. रागाव, पण अबोला धरू नकोस.

तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

चार निघाले. बावीसपर्यंत पोचतील. डब्यांना बाहेरून पोचे दिसतील, त्याकडे लक्ष देऊ नकोस, आतून ठीक आहेत. एकाचा पत्रा दुसऱ्याच रंगाचा आहे. रात्रभर चालू ठेवून तपासलेत.

गुळगुळीत आकड्यांचा कीबोर्ड कॅशिअरबाईंचा. बारा वर्षं त्या एकाच खुर्चीवर होत्या आणि एकदाही आकड्यांकडे बघून आकडा दाबला नाही. दातांचं चित्र त्यांच्याशेजारच्याच्या मुलीचं, पहिला दात पडला तेव्हाचं. हे प्रश्नपत्रिकेला सांग. त्या बाई आता कुठे असतात ते मला ठाऊक नाही.

ताई, झेरॉक्सवाल्याचा तो एक आणि तुझ्या ऑफिसातला एक, हे नक्की चालतील ना? परत विचारतो, नक्की? तू म्हणतेस चार, म्हणून चार पाठवलेत.

हाताला थोडं कापलंय, म्हणून अक्षर असं. काळजीचं नाही. तुझ्या मनात मला जी जागा आहे ती कुणाला देऊ नकोस.

तुझा,
खुळखुळ्या


४ मार्च

चि. खुळखुळ्यास,
अ. उ. आ.

तुला तार केल्यासारखं लिहायला हवं, पण मला ते जमत नाही.

तपासणीला एक बाई आल्या होत्या. माझ्याहून लहान, नीटनेटक्या, बोलायला मऊ. त्यांनी प्रत्येक कॉम्प्युटरला हात लावून तो सुरू करून बघितला. तुझे पंधराही लागले. पोचेवाले चार तर सगळ्यांत आधी. चकचकीत चारही लागले. मग त्यांनी सामानाची नोंदवही मागितली. झेरॉक्सवाल्याचा त्यात नव्हता. हा कुणाचा, असं त्यांनी विचारलं आणि मला खोटं बोलता आलं नाही. ऑफिसातल्याच्या नोंदीपुढे माझ्याच अक्षरात ऑफिस असं लिहिलेलं होतं. त्यांनी आपल्या यादीतल्या त्या दोन्ही आकड्यांवर पेन्सिलने हलकीशी रेघ मारली. एकोणीस.

मी त्यांना म्हटलं, दोनच कमी आहेत. त्या म्हणाल्या, दोन कमी म्हणजे कमी, बाई, मी वर काय लिहू? मग त्यांनी पाणी मागितलं आणि बराच वेळ ग्लास हातात धरून बसल्या. त्यांचाही इलाज नव्हता.

काल लेखी हुकूम आला. नववी आणि दहावी बंद. एक्केचाळीस मुलींना शाळा सोडल्याचे दाखले द्यायचेत. ते मीच लिहितेय, कारकुनाला सांगवलं नाही. वर्तणूक या रकान्यात प्रत्येकीला उत्तम लिहिलंय.

प्रश्नपत्रिकेने दाखला घेतला, दोन्ही बाजू वाचल्या, आणि या वेळी तिने मला काहीही विचारलं नाही.

तू जे केलंस त्यात कसर नव्हती. हे तुझ्या मनावर राहू नये म्हणून मुद्दाम लिहितेय. आणखी दोन तुझ्याकडे नसणारच, हे मला माहीत होतं. म्हणून तर मागितले नाहीत. वहिनीला आशीर्वाद. थोडी माया या म्हातारीसाठी बाजूला काढून ठेव.

तुझी,
ताई


११ मार्च

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहितेय. तुमचं पत्र वाचल्यापासून हे जेवणाच्या टेबलाशी बसून असतात आणि पुन्हा पुन्हा शेवटच्या ओळी वाचतात. आणखी दोन तुझ्याकडे नसणारच, ही ती ओळ. वन्सं, मला आता गप्प राहवत नाही.

यांचं ऑफिस सप्टेंबरातच बंद झालं. सगळ्यांनाच काढलं. तुम्हाला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली होती. म्हणायचे, ताई शाळेच्या काळजीत आहे, तिच्या डोक्यावर आणखी ओझं नको. कागदाच्या वरचं नाव मीच कापून द्यायचे. मालकांनी यांना सांगितलं होतं, की हॉलमध्ये तीस कॉम्प्युटर आहेत, पंधरा डिसेंबरपर्यंत तुम्हाला हवे तेवढे न्या, उरतील ते भंगारात जातील. तीस होते, वन्सं. नुसते न्यायचे होते.

तुमचं अकराचं पत्र आलं तेव्हा मी म्हटलं, एकवीसच्या एकवीस पाठवा ना, कमिटीचं कुणी बघितलंय. हे म्हणाले, ताईने अकरा म्हटलंय. जास्त पाठवले तर तिला वाटेल, मी ऑफिसचं भंगार तिच्या गळ्यात मारतोय, किंवा तिच्या शाळेला भिकेला लागलेली समजतोय. ती बारावा परत पाठवीन म्हणाली म्हणजे पाठवील. तुमचा तो चिमटा अजून दुखतो, असं कोपर चोळून हसत म्हणाले. सोळा तारखेला टेम्पो आला आणि एकोणीस घेऊन गेला. हे गॅलरीतून बघत उभे होते.

दुसऱ्या वेळचे चार यांनी जुळवले नाहीत, शोधून आणले. भंगारवाल्याच्या आवारात रोज सकाळी जाऊन बसायचे. तोवर त्याने सगळे डबे उघडून रॅम काढून विकायला लावली होती. हे पत्र्यांच्या ढिगातून आपले डबे आतल्या तारखेवरून ओळखायचे, तिथेच हात कापला. मागून गाडी वळवताना तो माणूस ओरडायचा ते यांना ऐकू यायचं नाही, म्हणून मीही सोबत जायला लागले. पंधरा दिवसांत एकोणीसमधले सात उभे केले.

सात, वन्सं. घरात भिंतीला ओळीने लावले होते. त्यात तुमचं पत्र परत काढून वाचलं, आणि चार बांधले. मी म्हटलं, सातही पाठवा. तर म्हणाले, तिने दोन जुळवलेत, ती उगाच लिहिणार नाही, आणि पाचवा परत येईल. तीन तसेच राहिले. त्यांच्यावर मी टेबलक्लॉथ घालून ठेवलाय, कारण यांना ते बघवत नाहीत.

मला यात कुणाला दोष द्यायचा नाही. तुम्ही दोघं एकाच घरात वाढलात, मी बाहेरून आले. आमच्या घरी आम्ही पाच भावंडं ताटलीवर तुटून पडायचो आणि मार खायचो, एवढाच काय तो फरक. लिहिलं ते उणं-अधिक वाटलं तर पोटात घाला.

तुमची,
वहिनी


१८ मार्च

चि. खुळखुळ्यास,
अ. उ. आ.

वहिनीने मला सगळं कळवलंय. तिच्यावर चिडलास तर याद राख. आपल्या घरात सरळ बोलणारं एकच माणूस आहे आणि ते तू लग्न करून आणलंस, हे तुझ्या हातून झालेलं सगळ्यांत शहाणपणाचं काम.

ते पत्र मी कॉम्प्युटरच्या खोलीत वाचलं. खोली आता रिकामीच असते. एकोणीस पडद्यांत एकोणीस म्हाताऱ्या दिसत होत्या, त्यातल्या चौघी जास्त स्पष्ट.

तुला चिमटा काढला त्या दिवशी ताटलीत चौदा बिस्किटं होती. मी मोजली होती, कारण मलाही दुसरं हवं होतं. आपण निघालो, तेव्हा मावशीने ती उचलली आणि मागच्या अंगणात कोंबड्यांना घातली. मऊ पडली होती म्हणे. मी फाटकातून वळून बघितलं. हे मी आईलाही कधी सांगितलं नाही, तुला आज सांगतेय.

तू अडचणीत आहेस असं वाटून मी कमी मागितलं. मला कमीपणा वाटेल असं वाटून तू कमी पाठवलेस. आपण एकमेकांना फार सांभाळलं रे, आणि मधल्या मधे एक्केचाळीस पोरी पडल्या. सभेत तोंड उघडलं असतं तरी झालं असतं. तुला एक ओळ जास्त लिहिली असती तरी झालं असतं. दोन कॉम्प्युटर, आणि ते तुझ्या भिंतीला टेबलक्लॉथखाली.

आता ऐक. ते तिन्ही पाठव. तीन आहेत म्हणून तीन, सात असते तर सात मागितले असते. जूनमध्ये मी शाळेतून मोकळी होतेय. माझ्या पुढच्या खोलीतलं कपाट हलवून जागा केलीय, अर्थिंग करून घेतलंय. ज्यांना येऊ देतील त्या मुली येतील, बाहेरून परीक्षेला बसतील. किती येतील ते मला माहीत नाही. आत्तापर्यंत एकीच्याही घरून होकार नाही.

काल शिंप्याच्या दुकानात गेले होते. दुसऱ्या मशीनवरची चादर काढलीय. ती त्यावर बसून बाह्या जोडत होती, मान खाली. मी तिच्या बापाकडे तिचे रोजचे दोन तास मागितले. तो बराच विचार करून म्हणाला, रविवारी एक तास. एरवी मी त्याचे आभार मानले असते आणि पायऱ्या उतरले असते. मी उतरले नाही. म्हटलं, रोजचे दोन. तो कापडाची घडी उलगडायला लागला. मुलीने वर बघितलं नाही. पण तिचं मशीन थांबलं होतं. आज परत जाणार आहे. नाही म्हणाला तर उद्याही.

कॉम्प्युटरांबरोबर तू ये आणि वहिनीला घेऊन ये. नोकरीचं काय करायचं ते इथे बसून बघू. माझ्याकडे दोन खोल्या आहेत आणि दोन्ही मला नको आहेत, हे मी गेली सहा वर्षं तुला लिहीन लिहीन म्हणतेय.

लोभ पुरेल इतकाच नको. घरात असेल तेवढा सगळा पाठव.

तुझी,
ताई